झाकणं

रविवारी विनीता सातच्या एसटीने दापोलीला ड्यूटीवर गेली
की घर माझ्या ताब्यात येतं.
म्हणजे मी घराच्या.

पाववाल्याचा भोंगा वाजून गेला.
बंदरावरचा लिलावाचा गलका संध्याकाळचा,
आत्ता फक्त कुणाच्या तरी होडीवर हातोडी,
ठक्,
मग चहाचा एक घोट होईल एवढी शांतता,
ठक्.

ऑक्टोबर. चार महिन्यांची ओल
आता कुठे भिंतींतून उतरतेय.
पट्ट्यावर बुरशी, लग्नातल्या बुटांवर बुरशी,
बारावीच्या सर्टिफिकेटावर तर
आडनाव शाबूत, नाव गेलं.
कात्री गंजून मिटलीय. खोबरेल सोडलं,
उन्हात ठेवली. बघू.
गाद्या गडग्यावर टाकल्या.
उश्या माडाखाली नको, असं विनीताचं म्हणणं,
नारळ पडेल.
उशीवर नारळ पडून काय होणार आहे
हे मी सतरा वर्षांत विचारलेलं नाही.
आज माडाखालीच ठेवल्या.

ठरवलं होतं एवढंच:
ओट्याखालचं कपाट. एकच.
सगळं बाहेर काढून फरशीवर मांडलं.
झाकणं तेवीस, डबे सोळा.
पुन्हा मोजले.

प्लास्टिकचं सोपं असतं.
श्रीखंडाचा डबा कुणाचाच नसतो.
पण स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेली:
वि. का. सोसायटीकडून सभासदांस भेट.
चि. संदेशच्या बारशाप्रीत्यर्थ (हा संदेश कोण?).
आणि एकाच्या बुडाशी, तिरकं,
जुलेखा अ. पेवेकर, २-५-९४.

काविळीचं वर्ष.
विनीताच्या रात्रपाळ्या, मी आडवा,
आणि मागल्या दारात रोज हा डबा.
मऊ भात, बिनफोडणीचं वरण, लिंबाची फोड.
तोंडाला कशाची चव नव्हती.
डबा गरम असायचा,
पोटावर धरून बसायचो
निवेपर्यंत.

शेवटचा राहिला.
घासला, पुसला, ठेवला.
रिकामा डबा परत करू नये
हे मला कुणी शिकवलेलं नाही,
कुणालाच कुणी शिकवत नाही.
म्हटलं आंबे घालून देऊ, तर हंगाम सरला.
गणपतीत मोदक, तर ते मोजकेच झाले.
मग त्यांची ईद आली, शीरखुर्मा आला,
दुसऱ्या डब्यातून.
तोही हा इथेच, मागे.
सहा वर्षं.
गडग्यापलीकडे घर, एकवीस पावलं.

मला घावणे येतात. म्हणजे तव्याला येतात,
सुटून माझ्याकडे येत नाहीत.
पहिले तीन फाटले, उभ्याउभ्या खाल्ले.
पुढचे आठ बरे म्हणावेत असे.
एका डब्यात घावणे, दुसऱ्यात नारळाचा रस, गूळ घालून.
निघताना वाटलं, सहा वर्षांनी काय बोलायचं?
काही सुचलं नाही. चपला घातल्या.

जुलेखाभाभींनी डबे ओळखले,
मला जरा उशिराने (चष्मा ओसरीवर राहिला होता).
डब्यांबद्दल अक्षर नाही.
'थांबा जरा,' म्हणाल्या, आत गेल्या,
बराच वेळ भांडी वाजली,
आणि एक डबा घेऊन आल्या, आमचा,
बुडाशी माझ्या सासऱ्यांचं नाव.
आत सुक्या जवळ्याची चटणी, वर बशी उपडी.
'कधीपासनं द्यायचा राहिलेला.
झाकण काय ते मिळत नाही हो.'

तीनला विनीता आली
तेव्हा घरभर पसारा, गाद्या बाहेरच,
आणि मी फरशीवर बसून
एकेक झाकण लावून बघत होतो.
चौदावं घट्ट होतं. पंधरावं सैल.
'दिवसभर काय केलंस?'
पर्स न ठेवताच तिने विचारलं.
मी म्हटलं, कात्री उघडली.

उश्या आणायला मीच गेलो.
नारळ पडला नव्हता.
चुडत पडलं होतं, आडवं, दोन्ही उश्यांवर.
ते मी उचलून टाकलं,
सांगितलं नाही.