सातवी ओळ

बेलफास्टमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे,
भिंतीच्या दोन गल्ल्या अलीकडे.
अलीकडे म्हणजे आमच्या बाजूला.
तिकडून आलात तर हेच दुकान पलीकडे.

तक्त्यावर सातव्या ओळीत एक अक्षर आहे.
आम्ही म्हणतो हेच.
ते म्हणतात एच.
सिस्टर कॉन्सिलियानं बाकावर पट्टी आपटून शिकवलं होतं:
हेच. आणि हेच बरोबर.
भिंतीपल्याड दुसरी पट्टी
तितक्याच जोरात
त्यातला ह खोडत होती.

तेवीस वर्षं मी अंधाऱ्या खोलीत
लोकांची नजर मोजते
आणि कान टवकारून त्या अक्षराची वाट बघते.
एक श्वास, बस.
तेवढ्यावरून कळतं
कुणाचा काका कुठल्या आरोपाखाली आत होता,
जुलैत कुणाच्या दारावर कुठला झेंडा.
आपल्यातलं निघालं
तर माझी खुर्ची वीतभर पुढे सरकते,
आईच्या गुडघ्यांची चौकशी होते.
नाही निघालं
तर मी अतिशय सभ्य असते.

काल यूएल मॅगोवन आले. वय एकोणऐंशी.
त्यांच्याकडचं दुकान बंद पडलंय.
नावावरूनच कळलं होतं,
तरी मी ऐकत राहिले.
सी. डी.
मग थांबले.
"हे नाही दिसत."
पुढचा के दिसला, एन दिसला,
आठवी ओळ, मुंगीएवढी,
खडखडीत वाचली.

मी पुन्हा त्याच अक्षराखाली काठीचं टोक धरलं.
का धरलं, माहीत नाही.
नाही, माहीत आहे.

"शिडी आहे," ते म्हणाले,
"एकाच पायरीची."

कार्डावर मी लिहिलं: सातवी ओळ, पूर्ण.
दिवा लावला. "नजर चांगली आहे तुमची."
"तुमचे कानही," म्हणाले,
आणि टोपी शोधू लागले.
ती त्यांच्या मांडीवरच होती.

संध्याकाळी शटर ओढून
तक्त्यासमोर एकटी उभी राहिले
आणि त्यांच्यासारखं म्हणून बघितलं.
जीभ तयार होती.
पण छातीतून आधी ह आला,
न बोलावता,
घरचाच असल्यासारखा.

आज सकाळी पहिली ब्रोना डेव्हलिन.
माझ्याच शाळेतली, चार वर्षांनी लहान.
तिनं अजून वाचायला सुरुवातही केली नव्हती.
खुर्ची पुढे सरकलेली होती.