एकशे सत्त्याऐंशी बाय एकोणऐंशी

कासिल्दा ओबोन गेली
आणि सारागोसाच्या पेपरात तिच्यावर तीन रकाने आले.
त्यात माझं नाव नाही. बरोबरच आहे.
मी सुतार. तिच्या कॅनव्हासमागच्या चौकटी माझ्या,
जन्मभर भिंतीकडे तोंड करून राहिलेल्या.

चाळीस वर्षं एकच माप.
उंची एकशे सत्त्याऐंशी, रुंदी एकोणऐंशी.
आधी वहीत आकडे लिहायचो,
पुढे पुढे नुसतं ‘नेहमीचं’.
पहिल्या दिवशी विचारलं होतं, उभी की आडवी?
म्हणाली, आडवी मेलेल्यांना. मला उभी दे.

ती रंगात चुना घालायची, राख घालायची,
एकदा तर माझ्याच दुकानातला भुसा नेला पोतंभर.
काळ्यावर काळा, त्यावर पुन्हा काळा,
वाळला की खरवडायचा, पुन्हा चढवायचा.
आणि अगदी खाली, बोटभर उंचीची
एक पिवळी रेघ.
तो पिवळा मला ओळखीचा होता:
ऑक्टोबरात केशर निवडून निवडून
आमच्याकडच्या बायकांच्या नखांत राहतो, तो.

एकसष्ट साली एक साहेब आला, पातळ मिशीचा,
प्रदर्शनाआधी चित्रं तपासायला.
जवळ गेला, लांब गेला, मान वाकडी केली,
“यात काही नाही,” म्हणाला आणि शिक्का मारला.
कासिल्दानं त्याला बडीशेपेच्या दारूचा पेला दिला.
तो जिना उतरल्यावर ती इतकी हसली
की भिंतीला टेकून खाली बसली.
मग बराच वेळ उठली नाही.

माद्रिदहून एक प्राध्यापक यायचा.
त्यानं उंचीला रुंदीनं भागलं,
उत्तरात त्याला ग्रहताऱ्यांची गती सापडली.
मी मागे उभा राहून फुकटची वाइन पीत होतो.
टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

त्यानंतर कधीतरी तिनं मला वाल्देसेरासला नेलं, तिच्या गावी.
घर पडीक, माळावर सिएर्सो सुटलेला,
मागच्या दाराची बिजागरी निखळलेली.
टेप लावली.
पुन्हा लावली, मापात पाप नको म्हणून.

ती अंगणात पाठमोरी उभी होती.
“सहा वर्षांची होते,” म्हणाली,
“फरशीवर पालथी. दाराखालच्या फटीतून
बुटांचे तीन जोड दिसत होते
आणि बाबांच्या दोरतळव्याच्या सपाता.
मग सपाता दिसेनाशा झाल्या.
कंदील थोडा वेळ होता.”

मी बिजागरी बसवली. चार स्क्रू लागले.
परतताना आम्ही टोमॅटोच्या भावाबद्दल बोललो.

गेल्या हिवाळ्यात तिचा फोन.
“सेलेदोनियो, रुंदी एक्क्याऐंशी कर.”
वाटलं, वय झालं, आकडा चुकतोय.
पुन्हा विचारलं.
“मला नीट ऐकू येतं,” म्हणाली. “तुझं काय?”

ते शेवटचं.
संग्रहालयाची माणसं न्यायला आली
तेव्हा मलाही बोलावलं होतं.
काळा यावेळी पातळ, घाईत लावल्यासारखा,
आणि पिवळा
फटीत मावला नव्हता.
कडेनं वर चढत चढत खांद्याएवढा आला होता,
तिथे ब्रश थांबलेला.

त्यांच्या पेट्या नेहमीच्या मापाच्या.
“दोन सेंटिमीटर तर आहे, आजोबा,
मागची चौकट तासून द्या ना,” एक पोरगा म्हणाला.
पिशवीत रंधा होता.
मी तो काढला, पात्याला बोट लावून पाहिलं
आणि परत ठेवून दिला.

चौकटीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त असलं
तर दार लागत नाही, कितीही ढकला.
हे कुठल्याही सुताराला ठाऊक असतं.
त्या पोरानं विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

पेटी नवी करून दिली.
पैसे लावले लाकडापुरते.