एक मीटर अडुसष्ट

बूट फेब्रुवारीतच घेतले, एक नंबर मोठे.
कासिमिरो म्हणाला, चौथ्या दिवशी पाय फुगतात, बाई,
आणि उतारावर आधी अंगठ्याचं नख मरतं.
तेव्हापासून रोज घालते:
ऑलिव्हच्या मळ्यात, कोंबड्यांना दाणे टाकताना,
एकदा विसरून मिस्सेलासुद्धा.
पाद्रींनी पायांकडे पाहिलं. बोलले काही नाहीत.

नवस तुझा, बेल्मीरो. पाय माझे.

आणि तो कळला कुणाकडून, तर न्हाव्याकडून,
तुला मातीत ठेवून सहा महिने झाल्यावर.
"फातिमाला चालत जायचं राहिलंच त्याचं," म्हणाला.
"एकट्यानं. गावाबरोबर नाही, सामानाच्या गाडीबरोबर नाही.
तसंच कबूल केलं होतं म्हणे."
कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
वस्तरा पुसत राहिला, स्वच्छ असलेला.

म्हणजे तू काहीतरी मागितलंस, आणि मिळालं,
आणि मी ते इतकी वर्षं वापरलं
उधारीचं आहे हे न कळता.

कुठलं ते? रात्री मोजत बसते.
वाल्देमारचा ताप, डॉक्टर ब्रागान्साला बर्फात अडकला तेव्हाचा.
खेचर तिसऱ्या दिवशी उठून उभं राहिलं, ते.
ती गारपीट, जी आपला बांध सोडून
एर्मेलिंदाच्या द्राक्षांवर पडली.
हे तरी मागितलं नसशील.
की मी?
सत्त्याऐंशी साली पोर्तोच्या बसमध्ये जाऊन बसले होते,
मांडीवर खोका, खोक्यात दोन झगे आणि आईची कात्री,
आणि मुर्सालाच उतरून परत आले.
तू काही विचारलं नाहीस.
सूप वाढ, म्हणालास.

बटाट्यांच्या काट्यावर पाठपिशवी नऊ किलो भरली.
दुसरा स्वेटर काढला. साबण अर्धा कापला.
प्रार्थनेचं पुस्तक काढलं, मग परत ठेवलं,
मग त्यातली पाठ नसलेली चार पानं तेवढी फाडून घेतली.
देवा, माफ कर, पण चढ तू चढणार नाहीस.
साडेसहा किलो.
व्हॅसलिन, सुई, पांढरा दोरा.
फोड आला की दोरा आरपार ओवायचा
आणि टोकं तशीच लोंबती सोडायची, पाणी झिरपायला.
पिवळं चमकतं जाकीट, ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून.
ते घालून आरशात पाहिलं:
रस्ता खोदायला निघालेली अडुसष्ट वर्षांची बाई.

एर्मेलिंदा म्हणते, आमच्याबरोबर चल,
तेरा मेच्या आधी पोचू, गाडीत खुर्च्या आहेत, गरम कॉफी आहे.
लक्झेंबर्गहून वाल्देमार फोनवर म्हणतो,
आई, माणूस गेला की देणं बुडतं.
तो बँकेत आहे, त्याला कळत असेल.
मी म्हटलं, बाळा, इथे दुकानातल्या वहीत
तुझ्या आजोबांचं नाव अजून आहे.

सव्वातीनशे किलोमीटर. भिंतीवर नकाशा नाही लावला.
पुढचं एकच गाव माहीत असलं की पुरे.
दुसऱ्या दिवशी दुपारी मुर्सा लागतं.
थांब्यावर बसून पाणी पिईन.
तिथलं बाकीचं ठरवलेलं नाही.

तिथे पोचल्यावर मेणबत्ती लावायची ती
नवस बोलणाऱ्याच्या उंचीची असते.
काल तुझा काळा सूट पलंगावर पसरून पाहिला,
पण सुटाला डोकं नसतं.
मग कपाटात तुझं जुनं ओळखपत्र सापडलं.
उंची: एक मीटर अडुसष्ट.
माझ्या मनात तू नेहमी याहून उंच होतास.

ऑलिव्हची जाळी बांधायची सुतळी घेतली,
एक टोक दाराच्या खिळ्याला अडकवलं,
मापलं, कापलं, बोटांभोवती गुंडाळलं.
पुन्हा सगळं काट्यावर ठेवलं.

काटा हलला नाही.
खिशात घालून चालले अंगणाच्या फाटकापर्यंत
आणि परत.