काट्याला न दिसलेलं

सोहारच्या भंगार यार्डात रात्रपाळीचा वजनकाटा माझा.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, ठरतो,
मी पावती फाडतो.
दीडच्या सुमाराला क्रेनवरचा शाहदाद आला, काखेत लॅपटॉप :
"चार जीबी घातली भाई, दिसतात तीनच.
एक कुणी खाल्ली?"

ओळखीचं दुखणं.
काळी खिडकी उघडून टाइप केलं : युनेम, डॅश, एम.
उत्तर : आय सहाशे शहाऐंशी.
"बत्तीस बिटांचा गडी," मी म्हटलं,
"चारपुढे मोजताच येत नाही त्याला.
त्या चारांतही पडद्याला, कार्डांना पत्ते वाटायचे,
उरेल ते तुझं.
आपला जुना काटा आठव,
साठ टनांवर नुसत्या रेघा दाखवायचा.
लोखंड संपायचं नाही,
आकडे संपायचे."

त्याला पटलं. तो उठलाच होता.
मग, का कोण जाणे, मी आणखी एक कमांड दिली : एलएससीपीयू.
युनेम सांगतो, कर्नल स्वतःला काय समजतो.
ही थेट चिपलाच विचारते.
ओळ उमटली :
बत्तीस बिट, चौसष्ट बिट.

म्हणजे दोन्ही येत होतं याला.
पहिल्या दिवशी कुणी घाईत हाती लागली ती सीडी घातली,
आणि हा नऊ वर्षं
अर्ध्या तोंडाने बोलत राहिला.

"मग सांगितलं का नाही त्याने?"
"विचारल्याशिवाय सांगत नाही."

एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
माझ्या बताक्यावर धंदा छापलाय : लोडर.
इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा मिरजेत, लोखंडी पेटीत,
लग्नाच्या फोटोखाली.
साडेसहा वर्षांत कुणी
दुसरी कमांड दिली नाही. मीही नाही.

"नुसता कर्नल बदलून नाही भागायचं," मी म्हटलं,
"फोटो काढून घे. सगळं नव्याने टाकू.
चौसष्टचा कर्नल बत्तीसचे जुने प्रोग्राम सांभाळून घेतो,
लायब्र्या तेवढ्या द्याव्या लागतात.
उलटं मात्र होत नाही."

तीन ट्रक गेले तेवढ्या वेळात.
एकात नुसत्या गाड्यांची दारं.
पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत राहिला,
बंदराकडून भोंगा झाला, आणि पडदा उजळला.

शाहदादने आकडा वाचला, परत वाचला :
"तीन पूर्णांक आठ.
वरचे दोन दशांश कुठे?"

"भाडं," मी म्हटलं,
आणि चौथ्या ट्रकला हात केला.