मागचा दिवा

शिरोलीच्या गॅरेजात सुबराव मिस्त्रीनं
ओम्नीची मागची सीट काढून फळी ठोकली,
फळीवर गादी, फळीखाली स्टोव्ह.
"एकट्याच?" म्हणाला,
आणि उत्तराआधीच
स्टेपनीची हवा पुन्हा तपासली.

दिवाळी सरून आठवडा.
गोकुळ शिरगाव मागं पडलं, काच खाली केली,
आत आला गार वारा, पाचटाचा धूर.
साठच्या वर काटा न्यायचा नाही,
झोप आली तर थांबायचं, डोळ्यांशी वाद नाही.
बाकी सगळा रस्ता माझा.

लक्ष्मी टेकडीच्या चढाला
समोरचा अंधार जरा जास्तच दाट वाटला.
ब्रेक.
अंधाराला पेरं होती.
उसाची ट्रॉली, एकामागं एक दोन, कण्हत चाललेली,
मागं ना दिवा, ना लाल पट्टी.

ओव्हरटेक करता आलं असतं.
आरशात ट्रकचे डोळे मोठे होत होते.
मी चारी इंडिकेटर लावले
आणि पंधराच्या चालीनं
तिची शेपटी झाले.
टिक टिक, टिक टिक,
नऊ किलोमीटर.
शिव्या देत गेले सगळे,
पण बाजूनं गेले.

कारखान्याच्या फाट्यावर पोरगा उतरला,
विशीचा, कानात हेडफोन.
"अक्का, वाट चुकलाय काय?"
त्याला माहीतच नव्हतं.
डब्यातली रेडियमची पट्टी काढली,
दोघांनी मिळून चिकटवली, वाकडीच.

वजनकाट्याच्या रांगेशेजारी,
मळीच्या वासात, गादीवर पडले.
निपाणी कुठं पळून जातीय.
कानात अजून टिक टिक.
मग कळलं, कानात नाही.
उठले, बंद केला.