वीस सेकंद

वडगावात, माग विकून मोकळ्या झालेल्या शेडमध्ये
आम्ही वाजवतो.
फरशीत मागाच्या बुडाचे चार बोल्ट अजून आहेत,
नवा माणूस हमखास ठेचकाळतो.

नेमगोंडा क्लॅरिनेट फुंकतो.
पंधरा वर्षं वराती वाजवून
त्याला आता सूर नको, नुसती हवा हवी.
माझ्याकडे पेटी, तिच्या अकरा पट्ट्या मुक्या.
पुढचं काही ठरलेलं नसतं.

पूर्वी सात माणसं यायची.
आठवा भिंतीपलीकडचा इराप्पा,
मुठीनं भिंत बडवायचा:
साक री, पुरे आता, पोरं झोपल्यात!
त्याचाच ठोका उचलून आम्ही पुढं जायचो.
एकदा तर तासभर गेलो.

आता तिपाईवर फोन.
एक्केचाळीस जण बघतात, मग छत्तीस, परत चाळीस.
आकडा उतरला की नेमगोंडा जोरात फुंकतो.
आधी तो असा नव्हता.
आणि पेटीचा भाता नुसता ओढला
तर फोन त्याला गोंगाट समजून पुसून टाकतो.
जे वाजवायला शिकण्यात
आमची तीन वर्षं गेली, नेमकं ते.

तरी बंद करवत नाही.
संतीबस्तवाडची फिलोमिना मस्कतला नर्स आहे.
रात्रपाळीला निघण्याआधी व्हायोलिन काढते म्हणे,
आमच्याबरोबर वाजवते, एकटीच.
आम्हाला काही ऐकू येत नाही.
तिच्यासाठी मधे जागा सोडतो,
किती सोडायची ते अंदाजानं.

इराप्पाही हल्ली फोनवरच बघतो.
आधी भिंतीतून येतं,
वीस सेकंदांनी तेच हातात येतं.
पानपट्टीवर भेटला तेव्हा म्हणाला,
दोनदा ऐकू येतं बघा,
भिंतीतलं जरा बरं असतंय.
पण येत नाही. बडवतही नाही.

परवा मधेच लाईट गेली.
राउटरचा हिरवा ठिपका विझला, त्याच्याबरोबर आकडा.
थांबायचं कुणाला सुचलंच नाही.
मी भाता ओढला,
तो अख्खा ऐकू आला,
शिवणीतल्या भोकासकट.

मग भिंतीवर मूठ.
एक. जरा थांबून, दुसरी.
ताबडतोब.
पुरे म्हणतोय की चालू द्या,
ते मुठीवरून कळत नाही.

नेमगोंडानं ठोका घेतला.
मी सवयीनं जागा सोडली,
मस्कतएवढी.