बरणीवर लिहिलं होतं विरजण

फहाहील, तिसरा मजला. काचेला फॉइल चिकटवलेलं.
बाहेर सत्तेचाळीस, आत बावीस.
बावीसच लागतात. त्याला, मला नाही.
मी जुलैत रजई घेऊन झोपतो.

ग्लिन कायमचा निघाला तेव्हा
सोफा कुरियाकोसने नेला,
टीव्ही कुणा मिसरी ड्रायव्हरने,
आणि मला मिळाली ही बरणी, लोणच्याची,
झाकणाला अजून मोहरीचा वास.
म्हणाला, रेडीज, उपाशी ठेवू नकोस
आणि झाकण घट्ट लावू नकोस.
गावाला जाताना पोपट शेजाऱ्याकडे ठेवावा, तसा चेहरा.

दुकानात मिळतं ते पावाचं यीस्ट.
घाईचं. दोन दिवसांत सगळं उरकून
तोंडात कच्ची कणीक ठेवून जातं.
हे सावकाश चालतं, आणि काम झालं की
मुकाट्याने तळाशी जाऊन बसतं.

बाटल्या भरून झाल्या
की उरलेल्या गाळावर उकळून थंड केलेलं पाणी ओतायचं
(पाणी आमच्याच प्लांटचं, काल सकाळपर्यंत समुद्र होतं),
कॅन गोल फिरवायचा आणि वीस मिनिटं
काहीही करायचं नाही.
हेच जमत नाही लोकांना.
काळपट, जड ते आधी खाली जातं.
वरचं दुधी पाणी तरंगत राहतं,
तेवढंच हलक्या हाताने बरणीत.
तांदूळ धुताना करतो तसंच, फक्त उलट:
इथे धुवण ठेवायचं असतं.

फ्रिज चौघांचा, आणि या वस्तूचं खरं नाव
या शहरात कुणी भिंतीलाही सांगत नाही.
म्हणून पट्टीवर लिहिलं, विरजण.
खाली दर खेपेला पेन्सिलीची एक रेघ.

मृदुला आली तीन महिन्यांच्या व्हिसावर.
मी रात्रपाळीला. तिने दूध कोमट केलं,
दोन चमचे घातले, फडक्यात गुंडाळून ठेवलं.
सकाळी दूध होतं. दुपारी दूध होतं.
संध्याकाळी म्हणाली,
कसलं हो तुमचं विरजण,
दुधाची ओळखच नाही त्याला.

खरंच नाही. दुधातली साखर त्याला खाता येत नाही,
लॅबमध्ये कुणी विचारलं असतं तर
झोपेत सांगितलं असतं.
तिच्यासमोर मीच गाळासारखा
हळूहळू खाली बसत गेलो.

मग सांगितलं सगळं. वाटलं, चिडेल.
ती बरणी ट्यूबलाइटसमोर धरून बघत राहिली.
किती दिवस आहे हे?
माझ्याकडे चार वर्षं. आधीचं ग्लिनला माहीत.
आणि तुम्ही?
मी उगाच रेघा मोजायला लागलो.
दर दोन वर्षांनी करार, दर वेळी शेवटचा.

सहा-सात खेपांनंतर टाकून द्यावं म्हणतात.
थकतं, चवीला नको त्या सवयी लागतात.
माझ्या पट्टीवर तेरा होत्या.
तेराव्याला वास आला, ओल्या मोज्यांचा,
आणि मी नाक दाबून सगळं बेसिनमध्ये ओतलं.
मग आठवलं, फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात
अकराव्या खेपेची औषधाची बाटली.
साखरपाण्यावर तीन दिवस काहीच नाही.
चौथ्या दिवशी कडेला एक बुडबुडा.
रबर घेऊन दोन रेघा खोडल्या.
आयुष्यात एवढं एकदाच जमलं.

काल ग्लिनचा फोन आला.
वेल्समध्ये पाऊस, गुडघा नवीन,
डॉक्टरने थेंबही घ्यायचा नाही म्हणून सांगितलंय.
बराच वेळ गुडघ्यावरच बोलला.
मग म्हणाला, आहे का रे अजून?

आता तोंडाने काय सांगणार.
फोन बरणीपाशी नेला,
झाकण अर्धा आटा सैल केलं.
फुस्स.

तिकडून काहीच आवाज नाही.
मला वाटलं, लाइन गेली.
मग, रेडीज, लाव आता परत.
घट्ट नको.